पत्र्यात रिव्हेटचं भोक: साधा ड्रिल घ्यायचा की स्टेप ड्रिल?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रिल घ्यायला गेलात, तर साध्या ड्रिलशेजारी पायऱ्या-पायऱ्यांचा, शंकूसारखा स्टेप ड्रिलही दिसेल. दोन्ही पत्र्याला भोकच पाडतात, त्यामुळं रिव्हेटच्या कामाला कुठलाही चालेल असं अनेकांना वाटतं. पण दोघांची कामं वेगळी आहेत.

साध्या ड्रिलचं टोक बहुधा 118 अंशांचं असतं. 4.9 मिमीच्या ड्रिलला नुसतं ते टोकच जवळजवळ दीड मिमी भरतं आणि 18 गेजचा पत्रा असतो साधारण 1.2 मिमी. म्हणजे टोक खालून बाहेर पडलं तरी ड्रिलची पुरती जाडी पत्र्यात शिरलेली नसते. आधार सुटतो, ड्रिल थरथरतो, पत्रा त्यात अडकून वर चढतो आणि भोक तिकोनी होतं. (पत्रा हातात धरून ड्रिल मारू नका. तो गरकन फिरला की बोटं कापतो.)

स्टेप ड्रिलमध्ये आधीच्या पायरीचं भोकच पुढच्या पायरीला सांभाळतं. पत्रा पायरीच्या उंचीपेक्षा पातळ असला की भोक सुरेख गोल येतं. पॅनेल बॉक्सला केबल ग्लँड (केबल आत घ्यायची, तिला घट्ट धरणारी बूच) बसवायला याच्यासारखं हत्यार नाही.

रिव्हेटला मात्र माप लागतं. 3.2 मिमीच्या पॉप रिव्हेटला (मधला खिळा ओढून एकाच बाजूनं बसवायचा रिव्हेट) 3.3 चं भोक, 4.8 च्याला 4.9 चं. नेहमीच्या स्टेप ड्रिलच्या पायऱ्या 4, 6, 8 अशा वाढतात. 4 च्या भोकात 4.8 चा रिव्हेट जात नाही आणि 6 च्यात तो हलतो. ओढल्यावर खिळा तुटतो, वरून सगळं ठीक दिसतं. पण टेम्पोच्या बॉडीला असले रिव्हेट असले तर गगनबावड्याच्या घाटात पत्रा खडखडायला लागणारच.

तेव्हा रिव्हेटला साधाच ड्रिल घ्या, 135 अंशांचा मिळाला तर उत्तम; 4.9 ला त्याचं टोक एक मिमीच्या आसपासच भरतं. सेंटर पंचनं (टोकदार पोलादी खिळ्यानं) भोकाच्या जागी खूण ठोका आणि पत्र्याखाली सपाट लाकूड घट्ट क्लॅम्प करा. टोक लाकडात रुतून जागच्या जागी राहतं. दोन पत्रे जोडायचे असतील तर एकत्र धरूनच भोकं पाडा, आधीच्या भोकांत तात्पुरते नट-बोल्ट अडकवत चला. नंतर पत्रे सुटे करून दोन्हींची बर (भोकाच्या काठाला उरलेली धारदार कड) काढा. मधे बर राहिली तर पत्रे एकमेकांना भिडत नाहीत आणि रिव्हेट कितीही ओढला तरी फट राहते. बर काढायला 10 मिमीचा ड्रिल नुसत्या हातानं अर्धा-एक वेढा फिरवला की पुरे. जास्त फिरवलात तर रिव्हेटला धरायला भोकाची कडच उरत नाही.