ब्लायनाव्हन

ब्लायनाव्हन : आग्नेय वेल्समधील टॉर्व्हाइन परगण्यातले लोखंड व कोळशाचे जुने गाव. लोकसंख्या सुमारे ६,०००. वेल्श भाषेत ‘ब्लाइन’ म्हणजे उगमाकडचा भाग आणि ‘आव्हन’ म्हणजे नदी. आव्हन लुइड नदीच्या उगमापाशी वसल्यामुळे गावाला हे नाव मिळाले.

टॉमस हिल, टॉमस हॉपकिन्स आणि बेंजामिन प्रॅट या भागीदारांनी १७८९ च्या सुमारास येथे लोखंडाचा कारखाना सुरू केला. कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी हे तिन्ही जिन्नस आसपासच्या डोंगरांत हाताशी होते. एवढ्यावरच उघड्या माळावर गाव उभे राहिले. कारखान्यातला माल वर चढवणारा १८३९ चा दगडी मनोरा आजही शाबूत आहे. टाकीत पाणी सोडायचे, ती वजनाने खाली उतरली की दुसऱ्या बाजूचा भरलेला डबा वर चढायचा, अशी त्याची साधी युक्ती. १८७८ मध्ये सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि त्याचा रसायनज्ञ मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी फॉस्फरसयुक्त खनिजापासून चांगले पोलाद करण्याचे प्रयोग येथेच केले. त्यांना यश आले आणि युरोप-अमेरिकेतल्या हलक्या खनिजालाही मोल आले.

पुढे गावाचा भार कोळशावर आला. येथील सर्वांत मोठी खाण ‘बिग पिट’. एके काळी तिच्यात सुमारे १,३०० माणसे राबत. साठा संपत आल्याने फेब्रुवारी १९८० मध्ये ती बंद पडली. ब्रॉड स्ट्रीट या मुख्य रस्त्यावरची दुकाने ओस पडू लागली आणि तरुण कामासाठी बाहेर पडले.

१९८३ मध्ये हीच खाण संग्रहालय म्हणून उघडली. पाहुण्यांना शिरस्त्राण, दिवा आणि कमरपट्टा देऊन पिंजऱ्यासारख्या लिफ्टमधून सुमारे ९० मीटर खाली नेतात. खाली मिथेन वायूचा धोका असतो, म्हणून काडेपेटीच नव्हे, तर घड्याळ, मोबाइल अशा बॅटरीच्या वस्तूही वरच काढून ठेवाव्या लागतात. वाट दाखवणारे बहुतेक जण मूळचे खाणकामगारच. एका ठिकाणी ते सगळ्यांना दिवे विझवायला लावतात. मग डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. कोळशाचे डबे ओढणाऱ्या घोड्यांचे तबेलेही खालीच आहेत.

२००० मध्ये युनेस्कोने ब्लायनाव्हनच्या औद्योगिक परिसराला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले. २००१ मध्ये बिग पिट वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली आणि २००५ मध्ये तिला संग्रहालयांसाठीचा मानाचा गुलबेंकियन पुरस्कार मिळाला. १८१६ ची शाळेची इमारत दुरुस्त करून तेथे वारसा केंद्र थाटले. कामगारांनी पगारातून दर आठवड्याला अर्धा पेनी देऊन १८९० च्या दशकात बांधलेले सभागृह अजून वापरात आहे, आणि गावची खरी दौलत म्हणून पहिले बोट त्याच्याकडेच दाखवावे.

सगळेच प्रयत्न फळले नाहीत. २००३ मध्ये रिकाम्या गाळ्यांत जुन्या पुस्तकांची दुकाने थाटून ‘पुस्तकांचे गाव’ वसवण्याचा घाट घातला गेला, पण काही वर्षांतच बहुतेक दुकाने मिटली. पर्यटकांची मोठी रांग गावाबाहेर खाणीवर लागते. त्यांतले बरेच जण बाजारात न शिरताच परततात. पुनरुज्जीवनाची ही उणीव अजून भरून निघालेली नाही. दुसरी अडचण माणसांची आहे. ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. खाणीत घाम गाळलेला नवा वाटाड्या आता कुठून आणायचा, हा प्रश्न बिग पिटपुढे दर निवृत्तीगणिक उभा राहतो.