रोहित उतरतात ते पाणी कुणाचं?

थंडी पडली की येरळवाडीच्या धरणावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आल्याचे फोटो साताऱ्याच्या पूर्वेकडच्या खटाव-माण तालुक्यांतल्या प्रत्येक मोबाइलवर फिरायला लागतात. एखाद्या वर्षी सूर्याचीवाडीच्या तलावाचा मान असतो, एखाद्या वर्षी मायणीचा. 'दुर्मीळ पक्ष्यांचं आगमन' हा मथळा ठरलेलाच. पक्षी कुठून आले हे सगळे विचारतात. ज्या पाण्यात ते उभे आहेत, ते या कोरड्या मुलखात कुठून आलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास, तोही आला तर. येरळा आणि माणगंगेचं पात्र वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. या भागातले मोठे तलाव माणसानं बांधलेले आहेत, आणि बहुतेक दुष्काळानंच बांधून घेतलेले. मायणीचा चांद नदीवरचा तलाव ब्रिटिश अमदानीतला. म्हसवडजवळचा राजेवाडीचा प्रचंड तलाव १८७६ च्या दुष्काळात हाती घेतला गेला. भुकेल्या माणसांना मजुरी मिळावी म्हणून अशी दुष्काळी कामं निघाली. पक्ष्यांचा विचार त्यात औषधालाही नव्हता.

पुढं रोजगार हमीचीही तीच कथा. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ही कल्पना आधी करून पाहिली आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. त्या कामांतून जागोजाग पाझर तलाव झाले. आज सांगलीच्या जत-आटपाडीकडं बदकं दिसतात त्यातली कितीतरी तळी या ना त्या दुष्काळी कामावर खणलेली आहेत.

आता रोहित जेवतो कसा ते बघा. मान खाली घालून तो चोच उलटी करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. मग जीभ पंपासारखी मागंपुढं हलवत पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. शेवाळ आणि बारीक जीव चोचीच्या गाळणीत अडकतात. हे उद्योग उथळ पाण्यातच जमतात. म्हणून काठोकाठ भरलेलं धरण त्याच्या फारशा कामाचं नाही. पाणी ओसरून गाळ उघडा पडायला लागतो, शेतकरी त्या ओल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करायला उतरतात, त्या सुमाराचा काठ त्याला हवा असतो. मायणीच्या तलावात गाळ साचत गेला तसं पाणी टिकेना, वर्षच्या वर्षं कोरडी जायला लागली आणि थवे येरळवाडी-सूर्याचीवाडीकडं वळले. मायणी आणि आसपासच्या पाणथळ जागांना २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोवर पक्ष्यांनी आपली सोय कधीच केली होती.

जुन्या नोंदी चाळायच्या तर कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची १८३२ सालची दख्खनच्या पक्ष्यांची यादी आहे. फेअरबँक या मिशनऱ्यानं महाबळेश्वर, खंडाळा आणि बेळगाव भागातले पक्षी १८७६ मध्ये नोंदवले. मात्र जुन्या कागदात नुसतं 'सातारा' दिसलं की जरा थांबावं. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

खरा दुर्मीळ पक्षी मला विचाराल तर तो तलावावर नव्हताच, माळावर होता. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्यानं १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. असाच उघडा, खुरट्या गवताचा माळ माण, जत, आटपाडीत पसरलेला होता. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी राज्यातला माळढोक आता जवळपास संपला. गवताळ माळ सरकारी भाषेत 'पडीक'. तिथं झाडं लावा, नांगर घाला, काही करा, कुणाची हरकत नसते.

पश्चिमेकडच्या कोयना-चांदोलीच्या जंगलांची गोष्ट निराळी. तिथले धनेश कुठून उडून आलेले नाहीत, आपणच तिथं उशिरा पोचलो. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढं कॅमेरे वाढले, तशा नोंदीही वाढल्या.

पूर्वेकडं मात्र खरोखरच बदल चाललाय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात नेलं. माणसांसाठी ते अमृतच, त्यावर वाद नाही. पण पूर्वी माघ-फाल्गुनात आटत जाणारा तलाव आता योजनेच्या पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, सुटलं की त्याच महिन्यात भरतो, आणि काठाचा उथळ पट्टा पाण्याखाली जातो. तेव्हा पुढच्या थंडीत 'यंदा रोहित आलेच नाहीत' अशी बातमी वाचली, तर आधी एवढं विचारावं: तलावात पाणी किती होतं, आणि ते कधी सोडलं?