गिटारचा नेक आणि ठाण्याचा पाऊस

मे महिन्यात हाताला छान बसलेली इलेक्ट्रिक गिटार जून संपता संपता परकी वाटू लागते. मग कुणी तारा बदलतं, कुणी नव्या पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी भागासाठी, पैसे साठवायला लागतं. माझं ठाम मत आहे की आधी नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, तपासावा.

दहाच्या सेटमधल्या (सर्वांत पातळ तार 0.010 इंच जाडीची) सहा तारा सुरात लावल्या की त्या मिळून साधारण 45 किलोच्या ओझ्याइतका ताण नेकवर देतात. या ताणाला तोंड देण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई असते, ती ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्ह्यू यांना तिचं पेटंट 1923 मध्ये मिळालं. पण नेक अगदी सरळसोट असूनही भागत नाही. छेडलेली तार मधोमध सर्वांत जास्त हलते, तिला तेवढी जागा हवी. नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटपाशी डोळा नेऊन बघा. तार आणि फ्रेटच्या माथ्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी, जेमतेम पाव मिलिमीटरची. रेघ मिटली तर तार फ्रेटला घासून बझ, म्हणजे खरखर, येतो, रुंदावली तर बोटांना जोर पडतो.

ही रेघच पावसाळ्यात सरकते. लाकूड ओल पिऊन आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. नेक मेपलचा आणि फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली नेकवरची फळी, रोझवूडचा असेल तर दोन्ही लाकडं सारखी फुगत नाहीत. त्यात नेकच्या पाठीला पॉलिश असतं आणि रोझवूड बहुधा उघडंच. मग नेक वाकतो. कुठल्या बाजूला, ते त्या त्या लाकडावर ठरतं. उलट घोडबंदर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये दिवसरात्र एसी चालू असेल, तर फ्रेटबोर्ड सुकून आकसतो. धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत. त्यांची टोकं कडेबाहेर येतात आणि हात वरखाली नेताना बोटाला करवतीच्या दात्यांसारखी टोचतात.

घामाचं गणित वेगळं. दमट हवेत त्वचा मऊ पडते आणि चकचकीत पॉलिशला जास्त जागी टेकते, म्हणून अंगठा अडखळतो. सॅटिन फिनिशच्या बारीक खडबडीतपणामुळे हा प्रत्यक्ष स्पर्श कमी होतो. आपल्या हवेत मला तरी सॅटिनच पटतं.

आता आकार. गिब्सनच्या 1959 च्या लेस पॉल गिटारचा गोलसर, भरलेला नेक संग्राहक डोक्यावर घेतात. 1960 मध्ये तो बारीक झाला. जाडीचा फायदा नुसत्या पकडीपुरता नाही: ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 20 ऐवजी 22 मिलिमीटर जाडी केली की नेक सुमारे 33 टक्के अधिक ताठ होतो. फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा फ्रेटबोर्ड 184 मिलिमीटर त्रिज्येच्या गोलाईचा होता. त्यावर कॉर्ड धरायला मजा येते. पण पातळ तार एका पूर्ण स्वराने बेंड करायला, म्हणजे बाजूला ओढून स्वर चढवायला, ताण सुमारे 26 टक्के वाढवावा लागतो, आणि तार मधल्या उंचवट्यावर सरकते. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी असेल तर ती पुढच्या फ्रेटला टेकून स्वर मधेच मरतो. लेस पॉलची 305 मिलिमीटरची सपाट गोलाई इथे सरस ठरते.

हे सगळं हाताला खरंच कळतं का? कळतं. स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की फिरत्या बोटाला 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही जाणवतात. त्वचेखालचे पॅसिनियन संवेदक 250 हर्ट्झच्या आसपासच्या कंपनाला सर्वाधिक संवेदनशील असतात, आणि मोकळ्या दुसऱ्या तारेचा स्वर आहे 247 हर्ट्झ. नेक तळव्यात थरथरतो, असं वादक म्हणतात तेव्हा ते ऐकण्याइतकंच स्पर्शाबद्दलही बोलत असतात.

सेटअपचा क्रम मात्र चुकवू नका. आधी गिटार सुरात लावा, मग ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, पुन्हा सुरात लावा आणि मगच ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या गिटारच्या अंगावरच्या भागावर, ॲक्शनला हात घाला. लाकूड सावकाश बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आठव्या फ्रेटपाशी परत एकदा बघा.