काम बदलायचं की कामगार? नोकरीच्या ठिकाणच्या आरोग्याची पार्श्वभूमी

पावलं मोजण्याची स्पर्धा, जेवणाच्या सुट्टीत ध्यानाचा वर्ग, वर्षातून एकदा रक्ततपासणीचं शिबिर. एचआर विभागाकडून येणाऱ्या अशा ईमेलची आता कुणाला नवलाई राहिलेली नाही. हे उपक्रम या रूपात आले त्याला फार तर चार-पाच दशकं झाली. त्यांच्यामागचा वाद मात्र तीनशे वर्षं जुना आहे: नोकरीपायी माणूस आजारी पडत असेल, तर दुरुस्ती कामात करायची की माणसात?

या वादाची सुरुवात इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यांपासून धरतात. संडासाचे खड्डे उपसणाऱ्यांचे डोळे का जातात, या कुतूहलातून ते एकेका धंद्याकडे बघत गेले आणि १७०० साली त्यांनी कामामुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, असा त्यांचा आग्रह होता. १७१३च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांनाही जागा दिली. सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावर असलेला ताण, अशी तीन कारणं त्यांनी नोंदवली. कीबोर्डवर दिवस काढणाऱ्याला आजही यात फारशी भर घालावी लागणार नाही.

कारण कळलं म्हणून उपाय होतोच असं नाही. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणारा कर्करोग काजळीमुळे होतो, हे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली मांडलं. इंग्लंडमध्ये मुलांना धुराड्यात चढवण्याला खरा आळा बसला तो १८७५च्या कायद्यानंतर. मधली शंभर वर्षं कायदे होत राहिले, पण त्यांची अंमलबजावणी कुणी करत नव्हतं. गिरण्यांचंही तेच. मुलांच्या कामाचे तास बांधून देणारा कायदा १८०२ सालीच आला होता, पण त्यावर लक्ष ठेवणारे पगारी निरीक्षक नेमले गेले १८३३मध्ये, आणि तेही साऱ्या देशासाठी चौघेच.

काडेपेट्यांच्या कारखान्यांची कथा तर अधिकच बोलकी आहे. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याचं हाड सडत जायचं. तांबडा फॉस्फरस त्या मानाने निर्धोक होता, मिळतही होता, फक्त महाग पडायचा. लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी १८८८ साली संप केला, बोभाटा झाला, आणि अखेर स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झालेल्या १९०६च्या करारात अनेक देशांनी पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालायचं मान्य केलं. जबड्याची निगा कशी राखावी याचे कितीही वर्ग घेतले असते तरी जे साधलं नसतं, ते पदार्थ बदलल्याने साधलं.

पहिल्या महायुद्धात हा विचार सरकारी दफ्तरात शिरला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं दिवसरात्र राबत होती, तेव्हा ब्रिटनने १९१५ साली त्यांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. तास वाढवत नेले तरी माल त्या प्रमाणात वाढत नाही आणि आठवड्याची सुट्टी काढून घेणं अंगाशी येतं, हे त्या समितीच्या पाहणीतून दिसलं. कारखान्यातली कँटीन आणि मधली विश्रांती यांचा प्रसार तेव्हा झाला. दयेपेक्षा उत्पादनाच्या आकड्यांनी ते काम केलं, हे मान्य करायला हरकत नाही. १९१९मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार उद्योगांत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा होता.

हा झाला काम बदलण्याचा प्रवाह. दुसरा प्रवाह कामगारालाच घडवण्याचा. अमेरिकेतले मोटार कारखानदार हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. पण त्या रकमेचा मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून दिला जायचा आणि तो मिळवायला अटी होत्या. कंपनीचे तपासनीस घरी येऊन स्वच्छता, दारू, बचत, कौटुंबिक वागणूक पाहून जायचे. आज हे वाचताना अंगावर येतं. मनगटावरच्या पट्ट्यातून झोपेचे तास गोळा करणाऱ्या योजना मात्र आपण बिनबोभाट स्वीकारतो.

दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले ते एका संशोधनापाशी. लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर जिने चढत-उतरत राहायचा. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवलं की चालकांच्या मानाने कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. पुढे त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच जास्त भरत होती. म्हणजे सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नव्हता. तरीही बैठं काम घातक, हा मुद्दा टिकला. आता गंमत बघा. मॉरिस यांनी मोजलं होतं ते कामाचं स्वरूप. जगाने त्यातून धडा घेतला व्यायामाचा, तोही कामाचे तास संपल्यावर, ज्याने त्याने आपापल्या वेळात करायचा.

अमेरिकेत या धड्याला पैशाची जोड मिळाली. दुसऱ्या महायुद्धात तिथे पगारवाढीवर सरकारी लगाम होता, विम्यासारख्या सवलतींवर नव्हता. माणसं टिकवायला कंपन्या आरोग्यविमा देऊ लागल्या आणि कर्मचाऱ्याचा आजार हा कंपनीच्या खर्चाचा भाग बनला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जॉन्सन अँड जॉन्सनने धूम्रपान, वजन, व्यायाम, ताण यांवर मोठा कार्यक्रम सुरू केला आणि इतरांनी तो गिरवला. २०१०च्या आरोग्यविमा कायद्याने तर ठरावीक निकष गाठणाऱ्यांना विम्याच्या एकूण खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत बक्षीस द्यायची मुभा दिली. यावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला.

या उपक्रमांचं फळ बराच काळ कुणी नीट तपासलं नाही. त्यात भाग घेणारे लोक आधीच धडधाकट आणि उत्साही असतील तर आकडे छान दिसणारच. चिठ्ठ्या टाकून उपक्रम मिळणारे आणि न मिळणारे असे गट पाडले तेव्हा चित्र पालटलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या घाऊक विक्री साखळीच्या सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली आले. १८ महिन्यांनंतर लोकांनी सांगितलेल्या काही सवयी सुधारलेल्या दिसल्या; रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, गैरहजेरी यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. दीड वर्ष हा काळ थोडा आहे असा बचाव करता येतो, आणि तो अगदीच फुकाचा नाही.

पण याच काळात दुसरीकडे पुरावा साठत होता. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल पाहणीत, १९७८च्या अहवालानुसार, सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त होते. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही दरीचा बराचसा भाग उरत होता. हे लोक खाणीत किंवा भट्टीसमोर राबणारे नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलं की कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, ही जोडी सर्वांत जाचक. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१च्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्याने पक्षाघात व हृदयविकाराने एकट्या २०१६मध्ये सुमारे ७,४५,००० माणसं दगावली.

नियमांची भाषाही हळूहळू पहिल्या प्रवाहाकडे परत वळते आहे. कामामुळे मनावर येणाऱ्या धोक्यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ४५००३ हे मार्गदर्शक मानक २०२१मध्ये आलं. त्यातली धोक्यांची यादी सुरू होते ती कामाच्या आखणीपासून: भूमिका स्पष्ट आहे का, बोजा किती, मुदती कशा, निर्णयात वाटा आहे का. जून २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगारांचा मूलभूत हक्क मानला. संबंधित करारांना मंजुरी दिलेली नसली, तरी आता प्रत्येक सदस्य देशावर त्या तत्त्वाचा आदर करण्याचं बंधन आहे.