जीआर कुठला आणि परिपत्रक कुठलं?

‘वरून जीआर आलाय’ हे वाक्य महाराष्ट्रात तलाठ्याच्या टेबलापासून विद्यापीठाच्या परीक्षा विभागापर्यंत कुठेही ऐकू येतं. पुष्कळदा आलेला कागद जीआर नसतोच. कधी ते आयुक्तांचं परिपत्रक असतं, कधी शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, तर कधी व्हॉट्सअॅपवर फिरणारा धूसर फोटो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की शासनानेच ठरवलंय, आता बोलायचं काय? बोलायला जागा आहे की नाही, हे कागद कुठला त्यावर अवलंबून असतं.

जीआर म्हणजे शासन निर्णय. तो निघतो फक्त मंत्रालयातल्या विभागाकडून. जिल्हाधिकारी, संचालक किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी कितीही मोठे असोत, त्यांना जीआर काढता येत नाही; ते आदेश काढतात, परिपत्रक काढतात, पत्र पाठवतात. त्यामुळे ‘कलेक्टर ऑफिसचा जीआर’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही. राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो असं राज्यघटनेचं अनुच्छेद १६६ सांगतं. म्हणूनच जीआरच्या शेवटी सही उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची असली, तरी तिच्या वर ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते. सही करणारा निर्णय घेत नसतो, घेतलेला निर्णय साक्षांकित करत असतो.

जीआरमुळे काहीतरी नवीन घडतं. योजना सुरू होते, पदं मंजूर होतात, समिती नेमली जाते, आधीची अट बदलते. पैशाचा मामला असेल तर वित्त विभागाची सहमती लागते आणि तिचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक मजकुरातच दिलेला असतो. परिपत्रकाचं काम वेगळं. आधीच ठरलेल्या गोष्टीची अंमलबजावणी कशी करायची, कुठे चुका होताहेत, माहिती कोणत्या नमुन्यात आणि कधीपर्यंत पाठवायची, हे ते सांगतं. ‘वारंवार सूचना देऊनही असे निदर्शनास आले आहे की’ अशी सुरुवात दिसली, की डोळे मिटून परिपत्रक समजावं. (वारंवार सूचना देऊनही का पाळल्या जात नाहीत, यावर परिपत्रक काढल्याचं मात्र पाहण्यात नाही.)

फरक ठळक दिसतो तो बदल करायची वेळ आल्यावर. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा जीआर २८ जून २०२४ चा. त्यात वयोमर्यादा ६० वर्षांची होती, पाच एकर जमिनीची अट होती आणि अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती. आठवडाभरात, ३ जुलैला, वय ६५ झालं, जमिनीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्ट झाली. अटी जीआरने घातल्या होत्या, म्हणून त्या हलवायलाही जीआरच लागला.

दुसरं उदाहरण गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात गाजलेलं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य केली. विरोध झाला, आणि काही दिवसांतच ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती दिल्याचं शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. पण पत्रकार परिषदेतल्या बोलण्याने कागद बदलत नाही. १७ जूनला सुधारित आदेश निघाला आणि वाद पुन्हा पेटला. अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करत असल्याची घोषणा झाली, त्यानंतर रद्द करणारा शासन निर्णयही निघाला. या सगळ्या काळात लोक ‘जीआर रद्द करा’ असंच म्हणत होते. आश्वासनावर कोणी समाधानी नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

ओळखायचं कसं? मंत्रालयाबाहेरच्या कार्यालयांच्या परिपत्रकावर जावक क्रमांक असतो. मंत्रालयातून निघालेल्या जीआरच्या तळाशी संकेतांक असतो. तो लांबलचक आकडा निरर्थक नसतो. त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. हा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढता येते. फिरत आलेल्या फोटोची खातरजमा करायला एवढं पुरे. अडचण अशी की मंत्रालयातला विभागही परिपत्रक काढतो, त्यालाही संकेतांक असतो आणि बऱ्याचदा राज्यपालांच्या नावाची ओळही असते. तिथे शीर्षकावर थांबू नये. ‘प्रस्तावना’ संपल्यावर काय आहे ते वाचावं: निर्णय की सूचना?

माझ्या मते खरी गोची इथेच आहे. निर्णयासाठी नस्ती, म्हणजे फाइल, चार टेबलांवरून फिरते. परिपत्रक तुलनेने झटपट निघतं. त्यामुळे जीआरमध्ये नसलेली अट हळूच परिपत्रकात शिरते. ‘सोबत अमुक दाखलाही जोडावा’, एवढंच. खालचं कार्यालय ते पृष्ठांकन करून, म्हणजे त्यावर आपला शेरा मारून, पुढे पाठवतं, आणि खिडकीवर पोचेपर्यंत त्याचा ‘जीआर’ झालेला असतो.

जीआरच्याही वर पायऱ्या आहेतच: कायदा आणि त्याखालचे नियम. संत राम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नियम जिथे गप्प आहेत तिथली रिकामी जागा शासन प्रशासकीय सूचनांनी भरू शकतं, पण नियमांना बगल देऊ शकत नाही. विद्यापीठांतही हेच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये परिनियम आणि अध्यादेश, म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे नियम, करण्याची पद्धत घालून दिली आहे. कुलसचिवांच्या सहीचं परिपत्रक त्या गोष्टी महाविद्यालयांना कळवतं. कळवता कळवता त्या बदलू शकत नाही.

म्हणून खिडकीवर कोणी ‘जीआर आहे’ म्हणालं, तर क्रमांक आणि दिनांक विचारावा. परिपत्रक निघालं, तर त्याच्या ‘संदर्भ’ किंवा ‘वाचा’ या रकान्यातला मूळ शासन निर्णय काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. जास्तीची अट सापडली तर ‘ही अट कोणत्या शासन निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदानुसार लावली आहे?’ असा एका ओळीचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आणि ज्याच्यावर प्रशासकीय निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं देणं, हे त्या कायद्याच्या कलम ४(१)(घ) नुसार कार्यालयाचं कर्तव्य आहे.