उसाच्या गाडीचे पासिंग: हंगामी वाहतुकीच्या वजनमर्यादेची पार्श्वभूमी

गळीत हंगाम सुरू झाला की ओव्हरलोड ऊस वाहतुकीची बातमी ठरलेली असते. हंगामात शेतमाल नेणाऱ्या गाडीला जास्त वजनाची मुभा देणारे कलम मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही. मुभा आहे ती व्यवहारात. ती कशी तयार झाली, हे समजायला कायद्यातले दोन-तीन शब्द आणि वजनकाट्यावरचे काही आकडे पाहावे लागतात.

उसाच्या वाटेवरची जुनी वजनमर्यादा रस्त्यासाठी नव्हती, बैलासाठी होती. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांबद्दलच्या 1965 च्या नियमांत जनावराचा आकार आणि चाकाचा प्रकार पाहून वजन ठरवले होते, आणि मोठ्या चढाच्या वाटेवर ते निम्म्यावर आणायचे होते. चढ पाहून मर्यादा बदलण्याचा हा शहाणपणा पुढे ट्रकच्या नियमांत आला नाही. प्रवरेकाठी 1950 च्या अखेरीस सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हापासून कित्येक वर्षे बैलगाडी हाच वाहतुकीचा कणा होता. ऊस गटातलाच असायचा आणि अंतर थोडे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस झोनबंदी, म्हणजे ऊस आपल्या गटातल्याच कारखान्याला देण्याची सक्ती, उठली आणि ऊस दूरवरच्या कारखान्यांच्या गव्हाणीत जाऊ लागला. लांबच्या खेपेला बैल उपयोगाचा नाही. ट्रक आणि जोडट्रॉली (एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या) यांचे प्रमाण वाढले, तसा हा प्रश्न डांबरावर आला.

मर्यादा मोजली जाते ती एक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आसावर. गाडीचे एकूण वजन, ज्याला वाहतूकदार पासिंग म्हणतात, ही एक्सलवरच्या वजनांची बेरीज असते. मागच्या चार टायरच्या एका एक्सलला पूर्वी 8.16 टन चालत. 1983 मध्ये ते 10.2 टन झाले. 1996 च्या अधिसूचनेने सहा टायरच्या ट्रकला एकूण 16.2 टन आणि दहा टायरच्या ट्रकला 25 टन असे आकडे पक्के केले. जुलै 2018 मध्ये चार टायरच्या एक्सलची मर्यादा 11.5 टन, आठ टायरच्या जोडएक्सलची 19 वरून 21 टन आणि एकूण वजने अनुक्रमे 18.5 आणि 28.5 टन झाली. माल वाहण्याची क्षमता 20 ते 25 टक्के वाढेल, वाहतुकीचा खर्च उतरेल, असे त्या वेळी सांगितले गेले. ही वाढ जुन्या गाड्यांना लागू की फक्त नव्याने तयार होणाऱ्या, यावर बराच घोळ झाला. आधीच दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर धावलेले ट्रक जिथे हंगामाला जुंपले जातात, त्या ऊस वाहतुकीत तो घोळ सर्वांत जाचक होता.

सडकेचे गणित मात्र 8.16 टनांवरच थांबलेले आहे. रस्त्याच्या जाडीचा हिशेब करताना आजही याच वजनाचा प्रमाण एक्सल धरतात. एक्सलचे वजन वाढते त्याच्या चौथ्या घाताने नुकसान वाढते, हा ढोबळ नियम अभियंते वापरतात. त्या हिशेबाने 10.2 टनांचा एक्सल प्रमाण एक्सलच्या 2.44 पट, 11.5 टनांचा 3.94 पट आणि 15 टनांचा 11.4 पट रस्ता खातो. 2018 च्या वाढीत वजन पावणेतेरा टक्के वाढले, रस्त्याची झीज 60 टक्क्यांहून अधिक.

उसाला हे लावून पाहू. दिवसाला 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा साधारण सातवा हिस्सा, म्हणजे 720 टन, एकाच जिल्हा मार्गावरून येतो असे धरा. सहा टायरच्या ट्रकचे रिकामे वजन साडेसहा टनांच्या आसपास, म्हणजे कायद्यात राहून एका खेपेत 12 टन आणि दिवसाला 60 खेपा. हंगाम 150 दिवसांचा धरला आणि फक्त मागचा एक्सल मोजला, तर दहा हंगामांत सुमारे साडेतीन लाख प्रमाण एक्सल त्या रस्त्यावरून जातात. आता प्रत्येक गाडीत साडेतीन टन जास्त भरा. खेपा 47 वर येतात, डिझेल वाचते, पण मागचा एक्सल 15 टनांवर जातो आणि दहा हंगामांचा आकडा आठ लाखांवर. कमी रहदारीच्या ग्रामीण रस्त्याची जाडी ठरवताना त्याच्या साऱ्या आयुष्यासाठी दहा लाख प्रमाण एक्सल ही मोठी संख्या मानली जात असे. त्यामुळे ‘खेपा कमी म्हणजे रस्त्यावर भार कमी’ हा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही.

एक गोष्ट मात्र ऊस वाहतुकीच्या बाजूने आहे. हंगाम कोरड्या ऋतूत येतो आणि वाळलेली काळी जमीन चांगला भार पेलते. खरा घात होतो सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत. परतीचा पाऊस नुकताच संपलेला असतो, काळी माती आतून ओली असते आणि कारखान्यांना गाळप लवकर सुरू करायचे असते. रस्त्याच्या कडा त्याच दिवसांत खचतात. मर्यादा हंगामाप्रमाणे बदलायचीच असेल, तर ती नोव्हेंबरात उतरायला हवी. असा विचार कुठल्याही अधिसूचनेत नाही.

आता या विषयातला सर्वांत गुंतलेला शब्द: कृषी ट्रेलर, बोलीत ट्रॉली.

केंद्रीय नियमांच्या व्याख्येत कृषी ट्रॅक्टर हे ‘परिवहनेतर’ वाहन आहे. कृषी ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेला, साधारणपणे उघडा, एक किंवा दोन एक्सलचा आणि ‘प्रामुख्याने’ शेतीमाल वाहण्यासाठी वापरला जाणारा ट्रेलर. सगळा वाद या ‘प्रामुख्याने’ भोवती फिरतो. शेतकरी स्वतःच्या ट्रॉलीत स्वतःचा ऊस नेतो तेव्हा प्रश्नच नाही. पण कारखान्याशी करार करून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन, टनामागे दर आणि किलोमीटरचे टप्पे ठरवून, पाच महिने दुसऱ्यांचा ऊस ओढणारी जोडट्रॉली शेतीची की धंद्याची? माल शेतीचा आहे, व्यवहार भाड्याचा.

कायद्यातल्या मालवाहू वाहनाच्या व्याख्येला शेपूट आहे: मालासाठी बनवलेले नसले, तरी मालासाठी ‘वापरले जात असताना’ ते वाहन मालवाहू ठरते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने याच शेपटाच्या आधारे ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी मालवाहू, म्हणून परिवहन वाहन, असे ठरवले. ते प्रकरण शेजारच्या कर्नाटकातले होते. महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात त्याची चर्चा फारशी झाली नाही, आणि ट्रॉली नोंदणीपुस्तकात शेतीचीच राहिली.

याने वजनाच्या बाबतीत काय बिघडते? एक्सलच्या मर्यादा ठरवणारे कलम 58 फक्त परिवहन वाहनांबद्दल बोलते. शेतीची म्हणून नोंदलेली ट्रॉली त्या तक्त्याबाहेर राहते, असा दावा करता येतो आणि केला जातो. तो अर्धाच खरा आहे. कलम 113 चे तिसरे पोटकलम ‘कोणतेही मोटार वाहन किंवा ट्रेलर’ असे म्हणते: नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या भरल्या वजनापेक्षा जास्त वजनाने ते चालवता येत नाही, चालवायला लावता येत नाही आणि चालवू देताही येत नाही. म्हणजे तक्त्यातून सुटलेली ट्रॉली इथे सापडते, पण तिचे प्रमाणपत्र असेल तरच. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये जुना एक्सल, जुने पाटे आणि नवे पत्रे जोडून केलेल्या कितीतरी ट्रॉल्यांची नोंदणी कधी होतच नाही. त्यांच्याकडे मोडण्यासाठी लिखित मर्यादाच नसते. मग कारवाई होते ती विनानोंदणीची किंवा रिफ्लेक्टर नसल्याची. वजनाचा मुद्दा कागदावर येत नाही.

‘चालवू देताही येत नाही’ हे शब्द मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ते मालकाला लागू होतात हे स्पष्ट आहे. चालक मालक नसेल, तर मालकाला हे ठाऊक होते असे न्यायालय गृहीत धरू शकते. तोडणी टोळीच्या मुकादमाला आणि गाडी आत घेणाऱ्या कारखान्याला ते कितपत लागतात, हे कोणी नेटाने तपासलेले दिसत नाही. आमच्या मते याच ठिकाणी हा कायदा सर्वांत कमी वापरला गेला आहे.

कारण वजनाचा पुरावा सर्वांत पक्का कुठे असेल, तर तो कारखान्याच्या काट्यावर. भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ, वाहन क्रमांक, सगळे स्लिपवर छापून येते. कलम 114 नुसार अधिकारी संशयित गाडीला पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर नेऊ शकतो. उसाच्या गाडीला हा मुक्काम म्हणजे कारखानाच. तरीही त्या काट्याकडे सगळ्यांचे लक्ष असते ते काटामारीसाठी. शेतकऱ्याला वजन कमी दाखवल्याचा संशय, भरारी पथक पाहते ते काटा बरोबर आहे का एवढेच. त्याच स्लिपवर गाडी पासिंगपेक्षा आठ टन जड होती हेही लिहिलेले असते, आणि ते वाचण्याची जबाबदारी कुणाची नाही.

दंडाचा इतिहास थोडक्यात. 1994 च्या दुरुस्तीनंतर किमान 2,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 1,000 रुपये असा दर होता. काही राज्यांनी आगाऊ शुल्क घेऊन कार्ड किंवा टोकन द्यायला सुरुवात केली, म्हणजे ओव्हरलोडचा पासच. 2005 च्या दुसऱ्या एका निकालाने तो प्रकार बेकायदा ठरवला: दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवलाच पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने किमान दंड 20,000 आणि प्रतिटन 2,000 रुपये केला, आणि वजन करून घ्यायला नकार दिल्यास 40,000. दहा टन जादा सापडले तर पूर्वी 12,000 आणि आता 40,000 रुपये. उंची किंवा बाजूने बाहेर आलेल्या मालासाठी वेगळे 20,000 आहेत, तेही माल उतरवण्याच्या अटीसह.

उतरवण्याची अट उसाच्या बाबतीत रस्त्यावर अडते. वाळू किंवा सिमेंटची पोती दुसऱ्या गाडीत टाकता येतात. मोळ्या उतरवायला टोळी लागते आणि टोळी फडात असते. उतरवलेला ऊस उन्हात वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घालवतो, आणि तो कुणाच्या खात्यावर चढवायचा याचा नवा तंटा उभा राहतो. म्हणून पावती फाडून गाडी सोडली जाते, म्हणजे 2005 च्या निकालाने जे नको म्हटले, तेच.

वजनापेक्षा उंचीचे कलम उसाला आधी लागते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. दहा टायरच्या ट्रकचा हौदा साधारण 6.7 मीटर लांब, 2.4 मीटर रुंद, आणि तळ जमिनीपासून 1.4 मीटरवर. मालवाहू गाडीची उंची बरीच वर्षे 3.8 मीटरपर्यंत चालत होती, 2020 मध्ये ती 4 मीटर झाली. जुन्या मर्यादेत हौद्यावर 2.4 मीटर उंच ऊस रचला, तर सुमारे साडेअडतीस घनमीटर होतात. रचलेला ऊस घनमीटरला 350 ते 400 किलो भरतो. म्हणजे तेरा ते पंधरा टन. पासिंगप्रमाणे या गाडीला अठरा-एकोणीस टन चालले असते. वीस-पंचवीस टन भरलेली गाडी म्हणजे उंचीचा नियम मोडलेली गाडी, काट्यावर न नेता ओळखता येणारी. वजन डोळ्यांना दिसत नाही ही सबब उसाला लागू नाही.

जोडट्रॉलीला आणखी वेगळे धोके आहेत. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या लांबीला मर्यादा आहे, तीत दोन ट्रॉल्या कशाबशा बसतात. पण ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर वीस टनांचा लोट फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी आवरायचा असतो. मागची ट्रॉली पुढे ढकलते आणि हुकापाशी सांधा वाकडा होऊन सगळे आडवे होते. चढावर उलटे घडते: हुकावरचा भार मागे ओढतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. पुढे वजने लावणे हा तोडगा नाही, आजार लांबवणे आहे. पिन तुटणे, पाटा तुटणे, टायर फुटणे या घटना बहुतेक याच दोन ठिकाणी, उताराच्या तळाशी आणि चढाच्या माथ्यावर होतात.

हे सगळे ठाऊक असून भरती कमी होत नाही, कारण दर टनावर आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा होतो, त्यामुळे दर वाढवायला कारखान्यावर शेतकऱ्यांचा दबाव नसतो, उलटच असतो. उचल फेडायची असलेला वाहतूकदार मग खेपेतले टन वाढवतो. दंड दहापट केला तरी हे गणित तसेच राहते, कारण पकडले जाण्याची शक्यता दहापट होत नाही.

अलीकडे हार्वेस्टरने यात नकळत फरक केला आहे. यंत्राने कापलेली टिपरी, म्हणजे उसाचे आखूड तुकडे, मोळीसारखी रचता येत नाहीत, ती जाळीच्या ट्रॉलीत ओतावी लागतात आणि जाळीच्या वर टिकत नाहीत. लांब उसाप्रमाणे बाजूला फूटभर बाहेर काढून दोर आवळण्याची सोय उरत नाही, आणि टिपरी लवकर खराब होतात म्हणून गाडी यार्डात थांबवणेही परवडत नाही. कायद्याने न जमलेली मर्यादा अशी जाळीने घातली आहे. जाळीवर आणखी फूटभर पट्टी वेल्डिंग करून घेतली की तीही सरकते.