मिथेनॉलने जाणारी नजर: उपचारामागचा इतिहास

विशी-पंचविशीतला मुलगा कॅज्युअल्टीत येतो आणि दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणतो. डोळे लाल नाहीत, मार लागलेला नाही. तरुण वयात अचानक नजर जाण्याची कारणं बरीच. नेत्रनाडीची सूज हे त्यातलं नेहमीचं, पण ती बहुतेक वेळा एकाच डोळ्याला धरते आणि डोळा हलवला की दुखतो. दोन्ही डोळे एकदम गेले, सोबत उलट्या, पोटदुखी आणि धाप असेल, तर मुरलेला डॉक्टर बाहुलीवर टॉर्च मारतानाच विचारतो, ‘काल काय प्यायलास? कुठून आणली होती?’ आणि एबीजीसाठी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची आम्लता आणि वायू तपासण्यासाठी, मनगटातून रक्त काढायला सांगतो. तक्रार डोळ्याची आणि तपासणी रक्तातल्या आम्लाची, ही सवय लागायला वैद्यकाला बरीच दशकं लागली.

मिथेनॉल म्हणजे लाकूड बंद भांड्यात तापवून निघणारं स्पिरिट. ते रॉबर्ट बॉइलने 1661 मध्ये वेगळं केलं. त्याची रासायनिक घडण द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी 1834 मध्ये उलगडली. तरी त्याने आंधळं होण्याच्या कहाण्या तेव्हा फारशा नव्हत्या, कारण त्याला इतकी घाण मारायची की कुणी ते तोंडाला लावत नसे. ब्रिटिश सरकारने नेमका याच वासाचा उपयोग केला. कारखान्यांना करमुक्त स्पिरिट हवं होतं, पण ते लोकांनी प्यायला नको होतं. म्हणून 1855 च्या कायद्याने त्यात सुमारे दहा टक्के लाकडी स्पिरिट मिसळायची मुभा दिली. थोडक्यात, पिण्याच्या जातीच्या अल्कोहोलमध्ये मिथेनॉल पहिल्यांदा गेलं ते महसूल खात्याच्या सोयीसाठी.

पुढे तो वासच काढून टाकता आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘कोलंबियन स्पिरिट’ या नावाने शुद्ध, जवळपास बिनवासाचं मिथेनॉल विकलं जाऊ लागलं. स्वस्त म्हणून ते आल्याच्या, लिंबाच्या अर्कांत आणि अंगाला लावायच्या औषधांत शिरलं. शिकागोचे केसी वुड आणि मॉन्ट्रियलचे फ्रँक बुलर या दोन नेत्रतज्ज्ञांनी त्याने नजर गेल्याच्या विखुरलेल्या नोंदी गोळा करून 1904 मध्ये मोठा लेख छापला. त्यातले सगळेच काही पिणारे नव्हते. बिअरच्या मोठमोठ्या पिंपांत आत उतरून व्हार्निश मारणारे कामगार त्यातल्या मिथेनॉलच्या नुसत्या वाफेनेही आंधळे झाले होते.

अमेरिकेत 1920 मध्ये दारूबंदी आली. चोरून वळवलेलं औद्योगिक अल्कोहोल लोक पितात हे माहीत असूनही तिथल्या सरकारने त्यातलं मिथेनॉल वाढवलं. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी त्यावर जाहीरपणे कोरडे ओढले. ते योग्यच होतं असं माझं मत.

उपचाराची खरी दिशा सापडली ती 1940 च्या दशकात, नॉर्वेत. ओलुफ रो यांच्या लक्षात आलं की मिथेनॉलबरोबर साधी दारूही प्यायलेल्यांना लक्षणं उशिरा येतात. यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) दोन्ही पचवतं, पण त्याची ओढ इथेनॉलकडे, म्हणजे साध्या दारूतल्या अल्कोहोलकडे, कितीतरी जास्त. ते इथेनॉलमध्ये गुंतलं की मिथेनॉल तसंच राहतं आणि हळूहळू बाहेर पडतं. मिथेनॉल स्वतः तितकं घातक नसतंच, घातक असतं त्याचं पुढे होणारं रूप. विषावर उतारा म्हणून दारू, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नळीतून मोजून इथेनॉल देणं आजही मान्य उपचार आहे.

1951 मध्ये अटलांटात भेसळीच्या व्हिस्कीने काही दिवसांत 323 जणांना बाधा झाली, 41 दगावले. बर्फाच्या वादळात उभं राहिल्यासारखं दिसतंय, असं रुग्ण सांगत होते. एक जण तीन चमचे पिऊन मेला, दुसरा अर्धा लिटर पचवून जगला. किती प्यायलं यापेक्षा रक्त किती आंबट झालंय, यावर जीव ठरत होता. सोडा बायकार्बोनेट देऊन आम्लता वेळेत उतरवली तर नजर परत येऊ शकते, हेही तिथे दिसलं.

मग इतकी वर्षं नेमकं कारण का कळलं नाही? कारण प्रयोग उंदरांवर चालत. मिथेनॉलचं शरीरात शेवटी फॉर्मिक आम्ल होतं. उंदरांचं यकृत ते झटपट निकालात काढतं, त्यामुळे त्यांना काही होत नसे. 1970 च्या दशकात माकडांवर काम झालं, तेव्हा हेच आम्ल गुन्हेगार ठरलं. ते पेशींना प्राणवायू वापरू देत नाही आणि नेत्रनाडीला त्याची झळ लवकर लागते. ते मोडायला फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतं, म्हणून उपचारात त्याचंच एक रूप, फोलिनिक आम्ल, आलं. जोडीला डायलिसिस होतंच. विकराला थेट अडवणाऱ्या फोमेपिझोलला अमेरिकेने मिथेनॉलसाठी 2000 मध्ये मान्यता दिली. औषध सुटसुटीत, पण महाग.

आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. राज्य फुटल्यावर गुजरातने बंदी ठेवली, महाराष्ट्राने परवान्यांची वाट धरली. तरी मुंबईतल्या विक्रोळीत 2004 मध्ये ऐंशीहून अधिक आणि मालवणीत 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने गेली. त्यामुळे सगळा दोष बंदीवर टाकता येत नाही. परवान्याची दारू ज्याला परवडत नाही तो गुत्त्यावरच जाणार आणि गुत्तेवाल्याला कारखान्यातलं मिथेनॉल पाण्याच्या भावात मिळत राहणार. हा धोका फक्त वस्तीतल्यांना आहे असंही नाही. 2024 च्या नोव्हेंबरात लाओसमधल्या वांग विएंगला सहा परदेशी पर्यटक याच विषाने दगावले, त्यातल्या बऱ्याच जणांनी तिशीही गाठली नव्हती.

रक्तातलं मिथेनॉल मोजायची सोय बहुतेक रुग्णालयांत नसते, म्हणून रिपोर्टची वाट न बघता संशयावरच उपचार सुरू करायचे असतात. आणि आणखी एक प्रश्न असतो: ‘सोबत कोण कोण बसलं होतं?’ लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागतात, सोबत साधी दारू असेल तर त्याहूनही जास्त. त्याच बाटलीतली प्यायलेला आणि अजून घरी झोपलेला मित्र या घटकेला ठणठणीत दिसत असतो, आणि नजर शाबूत ठेवून वाचण्याची सगळ्यात जास्त संधी त्याच्याकडेच असते.